लेओनीने फोडलेली फुलदाणी

बुव्हरेंचा मातीच्या भांड्यांचा कारखाना बंद पडून तेरा वर्षं झाल्यावर आमच्या नगरपालिकेला त्याची आठवण आली. माती वाळवायच्या जुन्या दालनाचं छप्पर दुरुस्त करून उन्हाळ्यात तिथं प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि उपनगराध्यक्ष पिकार माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"गिलेन, तू चौतीस वर्षं रंगाच्या दालनात काढलीस. कारखान्याचा इतिहास तूच लिही. छोटंसं पुस्तक, ऐंशी पानांचं. फोटो भरपूर टाक, म्हणजे लोक वाचतील."

"फोटो असले की वाचतात कुठे?"

"मग बघतील तरी," पिकार म्हणाले आणि टार्टचा दुसरा तुकडा स्वतःच कापून घेतला.

मी हो म्हटलं. मला वाटत होतं की कारखान्याचं मला सगळं ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी मी तिथं गेले. काळ्या रेषांच्या घरांमध्ये ओल्या रंगाचे थेंब सोडायचे, थेंब रेषेवर चढू द्यायचा नाही, एवढंच काम आम्ही बायका जन्मभर करत आलो. पहिल्या बुव्हरेने इथं भट्टी लावली तेव्हा शेतकऱ्यांसाठी जाड ताटल्या निघत, मधोमध कोंबडा रंगवलेल्या. मग १८७१ साली युद्ध हरल्यावर सरहद्द सरकली, शत्रूकडे गेलेल्या गावांतले चांगले चित्रकार घरंदारं सोडून अलीकडे आले, आणि त्यांच्या हातांमुळे कारखाना कोंबड्यावरून फुलदाण्यांवर, शोभेच्या तबकांवर, घड्याळांच्या घरांवर आला. पहिल्या महायुद्धात धुराडं पडलं, ते पुन्हा बांधलं. इथपर्यंत मी तीन आठवड्यांत लिहून काढलं. पुढचं साल होतं १९२५, आणि तिथं माझी लेखणी अडली.

त्या सालची गोष्ट एर्सवीलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनासाठी मालकांच्या मुलाने, आशील बुव्हरेने, एक फुलदाणी काढली. कमरेइतकी उंच, मोरपंखी जमीन, तिच्यावर लव्हाळ्यांत बसलेले खंड्या पक्षी. भट्टीतून ती निष्कलंक बाहेर आली. पॅरिसला रवाना व्हायच्या चार दिवस आधी रंगाच्या दालनातल्या लेओनी थिरी नावाच्या कामगारणीच्या हातून ती फुटली. मग दुसरीच एक, जरा कमअस्सल, पाठवावी लागली. तिला ब्राँझचं पदक मिळालं. सोन्याचं मिळालं असतं, असं सगळे म्हणत. पुढे मागणी घटली, एकेक भट्टी थंडावली, आणि दर वेळी कुणीतरी म्हणेच की घसरण त्या दिवसापासूनच लागली.

लेओनी थिरी माझी आई.

तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. ती पुढे लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून जगली. गावात तिचं नाव पडलं 'फोडकी'. नळावर, पावाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर. कुणी तोंडावर म्हटलं तर ती टोपली खाली ठेवायची, "बोंजूर" म्हणायची, टोपली उचलून चालू लागायची. मी लहानपणी एकदाच विचारलं, "आई, कशी गं फुटली?" ती म्हणाली, "फुटायला काय लागतं?" त्यानंतर मी विचारलं नाही. ती १९८१ साली गेली.

पिकारांनी प्रदर्शनाची जाहिरात वर्तमानपत्रात दिली. सोबत त्या फुलदाणीचा एकुलता एक जुना फोटो होता, भट्टीतून बाहेर काढल्यावर घेतलेला. दहा दिवसांनी नामूरहून, म्हणजे सरहद्दीपलीकडे बेल्जियममधून, पत्र आलं. लंबोत नावाच्या गृहस्थांनी लिहिलं होतं : 'तुमच्या फोटोतली फुलदाणी माझ्या दिवाणखान्यात आहे. ती फुटलेली नाही. काही चूक होत असावी.'

पत्र मी तीनदा वाचलं. नंतर पिकारांना दाखवलं. ते म्हणाले, "नक्कल असेल. बेल्जियन माणसं कशाचीही नक्कल करतात."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर..." पिकार थांबले. "आधी नक्कल आहे का ते बघू."

लंबोत गुरुवारी प्रदर्शनाच्या दालनात आले. साठीचे, बुटके, अतिशय सभ्य. फुलदाणी त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर बसवली होती आणि तिला पट्टाही बांधला होता. घोंगडी सोडली आणि मी बघतच राहिले. इतकी वर्षं ज्या वस्तूचं नुसतं नाव ऐकत वाढले, ती समोर उभी होती. सहा खंड्या, एकाच्या चोचीत मासा. रंगाचे थेंब इतके नेमके की एकही रेषेवर चढलेला नाही. तळाशी कारखान्याचा शिक्का आणि खाली 'क्रमांक १'.

"तुमच्याकडे कशी आली?" मी विचारलं.

"माझ्या आजीची. ती सांगायची, एर्सवीलच्या कारखान्यातून भेट आली, १९२५च्या वसंतात."

"कुणी दिली?"

"ती 'मोनामी' एवढंच म्हणायची."

आमच्या भाषेत माझा मित्र आणि माझी मैत्रीण, दोन्ही बोलताना अगदी सारखेच ऐकू येतात. लिहिल्याशिवाय फरक कळत नाही.

"कधी लिहून ठेवलं का त्यांनी?"

"आजीला लिहायचा कंटाळा होता," लंबोत ओशाळून म्हणाले. "एक मात्र आठवतं. आजोबा घरी असले की फुलदाणी कपाटात असायची. ते प्रवासाला गेले की बाहेर."

ओक्ताव्हकाकांना आणायचं माझ्या मनात आलं. ते नव्वदीचे, भट्टीवर पन्नास वर्षं काढलेले, आणि १९२५ साली कारखान्यात असलेलं जिवंत माणूस तेवढंच उरलेलं. त्यांच्या मुलीने त्यांना हात धरून आणलं. खुर्चीत बसल्यावर ते म्हणाले, "आडवी करा. वरून काय बघायचंय? तळ दाखवा."

आम्ही तिघांनी मिळून ती घोंगडीवर आडवी केली. भट्टीत भांडं तीन टोकांच्या तिकटीवर ठेवतात, तिच्या टोकांच्या खुणा तळावर राहतात. काकांनी अंगठा फिरवला. एक खूण, दुसरी खूण. तिसरीच्या जागी दोन बारके ठिपके होते.

"माझी तिकटी," ते म्हणाले. "एका पायाचा टवका गेला होता. फोरमन म्हणाला टाकून दे. मी म्हटलं, तोलाला बरी आहे. मीच ठेवली ही भट्टीत. हीच ती."

"म्हणजे ही फुटलीच नाही?" पिकारांनी विचारलं.

"आता हिच्याकडे बघून तुम्हाला फुटल्यासारखी वाटते का?"

मी काकांच्या खुर्चीपाशी सरकले. "काका, पण तुम्हीच तर सांगायचात, आवाज ऐकला म्हणून."

"ऐकला. अजून ऐकू येतो. मी अंगणात होतो, कोळसा उतरवत. दणका झाला. आत गेलो तर तुझी आई झाडू घेऊन तुकडे गोळा करत होती. निळे-हिरवे तुकडे."

"त्या तुकड्यांवर पक्षी होते?"

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"निळं बघितलं," ते म्हणाले. "पक्षी... नाही सांगता येत, पोरी. बहात्तर वर्षं मी म्हणतोय की पक्ष्यांची फुलदाणी फुटली. पक्षी बघितल्याचं मात्र आठवत नाही. निळा रंग आमच्याकडे काय, सगळ्याच मालावर होता."

"आई रडत होती का?"

"झाडत होती. नीट झाडत होती, कोपऱ्याकोपऱ्यातून. आशीलबाबू खिडकीपाशी उभे होते, तोंड बाहेर करून."

"त्यांनी काही म्हटलं?"

"मला म्हणाले, कोळसा संपव."

त्या दिवशी घरी येऊन मी बटाटे सोलायला घेतले आणि दोन माणसांसाठी सहा माणसांचे सोलून बसले. आईने फुलदाणी फोडली नव्हती. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण मग काय फोडलं? आणि नसेलच फोडली, तर छप्पन्न वर्षं तिने 'फोडकी' का ऐकून घेतलं? एक वाक्य बोलली असती तर पुरलं असतं.

दोन दिवसांनी, लंबोत अजून गावातच असताना, मादाम क्लोतिल्द दालनात आल्या. आशील बुव्हरेंच्या कन्या, अडुसष्ट वर्षांच्या, गावाबाहेरच्या मोठ्या घरात एकट्या राहतात. पिकारांनी त्यांना कळवलं होतं. त्यांनी हातमोजे काढले नाहीत. फुलदाणीभोवती एक फेरी मारून त्या म्हणाल्या, "ही आमची आहे."

"मादाम, ही मस्यू लंबोत यांची आहे," पिकार म्हणाले.

"यांच्या आजीकडे कशी गेली ते विचारायला नको? वडिलांनी आम्हाला सांगितलं होतं फुटली म्हणून. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. याचा अर्थ त्यांनाही फसवलं." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "गिलेन, मला तुला दुखवायचं नाही. पण तुझा मामा नावेवर होता ना?"

होता. जुस्तँमामा. मूज नदीवर मालाच्या नावा चालत. जाताना आमच्या कारखान्याचा माल घेऊन जात, येताना कोळसा आणत. आणि मूज नदी एर्सवीलवरून पुढे कुठं जाते तर नामूरला. हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं, पण दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

"तुम्हाला म्हणायचंय आईने चोरली."

"मी काहीच म्हणत नाही. मी नदी कुठं जाते ते सांगितलं."

लंबोत खाकरले. "माफ करा मादाम, पण चोरीची वस्तू आजीने आजोबांपासून का लपवली असती? विकत घेतली असती तर उलट मिरवली असती. तिचा स्वभाव तसाच होता." मग त्यांनी विचारलं, "तुमचे वडील कधी नामूरला जात असत का?"

"माझे वडील कामासाठी सगळीकडे जात," त्या म्हणाल्या. "पहिलं युद्ध संपल्यावर दोन वर्षं ते बेल्जियमची मागणी बघत. त्यात काय आहे?"

पिकारांनी घड्याळ बघितलं. मादाम निघून गेल्या, आणि जाताना दाराशी अडखळल्या. मला त्यांची दया आली. माझ्यासारखीच बाई. वडील खोटं बोलले की माझी आई चोर होती, यातलं एक त्यांना निवडायचं होतं, आणि मलाही तेच दोन पर्याय होते, फक्त उलट्या बाजूने.

त्यानंतरचे दिवस मी कशात होते ते मलाच सांगता येणार नाही. सकाळी उठून मी ठरवायची : आशीलबाबूंनी ती आपल्या नामूरच्या बाईला दिली, बापाला काय सांगायचं म्हणून आईला पुढे केलं, आणि बदल्यात आईला गप्प राहायचं काहीतरी मिळालं. बरोबर. कारण कामावरून काढलेल्या बाईला कारखान्याच्या चाळीतलं घर मरेपर्यंत कसं राहू दिलं? आणि मी चौदाव्या वर्षी कामाला गेले तेव्हा आशीलबाबू, तोवर ते मालक झाले होते, स्वतः दालनात आले, मुकादमणीला म्हणाले, "हिला खिडकीची जागा द्या." खिडकीच्या जागेसाठी बायका दहा-दहा वर्षं वाट बघत. फोडकीच्या मुलीला ती पहिल्याच दिवशी मिळाली म्हणून माझ्याशी वर्षभर कुणी नीट बोललं नव्हतं.

दुपारपर्यंत हे सगळं उलटायचं. चाळीतलं घर आईला नाही, बाबांना मिळालं होतं, ते मातीच्या गिरणीवर होते. खिडकीची जागा मला दिली ती माझा हात चांगला होता म्हणूनही असेल. आणि जुस्तँमामा त्याच वर्षी नाव सोडून दक्षिणेला तुलूझला गेला, तो परत आलाच नाही. का गेला, हे घरात कधी निघालं नव्हतं. आईने त्याचा फोटो मात्र शेवटपर्यंत बिछान्यापाशी ठेवला होता. गुन्हेगाराचा फोटो ठेवतात, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा?

मी पुन्हा ओक्ताव्हकाकांकडे गेले. ते बागेत ऊन खात बसले होते.

"काका, आई चोरी करेल असं वाटतं तुम्हाला?"

"लेओनी? ती पावाचा चुरा पडला तर उचलून पक्ष्यांना घालायची."

"म्हणजे नाही."

"असं कुठं म्हटलं मी? बावीस वर्षांची होती. बावीस वर्षांच्या माणसाचं काय सांगता येतं? मी त्या वयात पोलिसाची सायकल नदीत टाकली होती." ते जरा हसले. "तू एवढी घाबरतेस कशाला? समज, चोरली. फोडली म्हणण्यापेक्षा चोरली म्हटलेलं बरं नाही का? निदान वस्तू शाबूत राहिली."

"काका, थट्टा करू नका."

"थट्टा नाही. आपण सगळ्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली ती कशासाठी, तर सुंदर वस्तू गेली म्हणून. ती तर गेलेली नाही. मग आपण इतकी वर्षं कुणावर रागावलो होतो, ते मला कळेना झालंय. आणि कळून घ्यायला मला आता किती दिवस आहेत?"

मला कळत नव्हतं आणि ज्यांनी डोळ्यांनी बघितलं त्यांनाही कळत नव्हतं, याने मला विचित्र धीर आला. घरी आले आणि प्रदर्शनात फुलदाणीपाशी लावायची पाटी लिहायला घेतली. मादाम क्लोतिल्दनी पिकारांना निरोप धाडला होता की 'चोरीस गेलेली' हा शब्द हवा. पिकारांना नुसतं नाव आणि साल हवं होतं. "लोक उन्हाळ्याचे येतात गिलेन, आइसक्रीम खात येतात. त्यांना कशाला घोळात घ्यायचं?"

"मी घोळातच आहे," मी म्हटलं. "मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहिते."

मी लिहिलं : 'मार्च १९२५ मध्ये ही फुलदाणी फोडल्याच्या आरोपावरून लेओनी थिरी यांना कामावरून काढण्यात आलं. फुलदाणी अखंड आहे. ती नामूरला कशी गेली हे माहीत नाही. रेखाटन आशील बुव्हरे. रंग कोणाकोणाचे, त्याची नोंद नाही.'

पिकारांनी दोनदा वाचलं. "शेवटचं वाक्य कशाला?"

"दालनात तेव्हा अकरा बायका होत्या. कुणीतरी तर रंगवली असेल."

"त्यात तुझी आई होती?"

"तेही माहीत नाही."

पाटी तशीच लागली. उद्घाटनाला अर्धं गाव आलं. भाषणं झाली, वाइन वाटली गेली, आणि लोक ओळीने फुलदाणीपाशी आले. पावाच्या दुकानातली जुनी मालकीण जेर्मेन, जिच्या तोंडून मी 'फोडकी' हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा ऐकला होता, चष्मा लावून वाचत उभी राहिली. वाचून झालं, पुन्हा वरपासून वाचलं. मग माझ्याकडे आली.

"गिलेन, मग फुटलं काय?"

"माहीत नाही."

"काहीतरी फुटलं असणार ना. आमच्या आईने आवाज ऐकला होता, दुकानापर्यंत आला होता."

"काहीतरी फुटलं असणार," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली, हातातला ग्लास फिरवत. तिला आणखी काही म्हणायचं होतं असं वाटलं. शेवटी म्हणाली, "तुझी आई इस्त्री फार छान करायची. कॉलर तर अशी, की घालून चुरगाळायला जिवावर येई." आणि नातवाला हाक मारत निघून गेली. ही माफी होती की नुसती आठवण, मला कळलं नाही. मी ती माफी म्हणून घेतली.

मादाम क्लोतिल्द उद्घाटनाला आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दालन रिकामं असताना आल्या. मी दाराशी तिकिटं फाडत होते. त्यांनी तिकीट घेतलं, आत गेल्या, बराच वेळ थांबल्या. बाहेर येताना माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, "सगळे पक्षी एकाच दिशेला बघतात. माझ्या लक्षात आलं नव्हतं." मी म्हटलं, माझ्याही नाही. आम्ही दोघी पुन्हा आत जाऊन बघून आलो. खरंच सगळे डावीकडे बघत होते. त्याचा काय अर्थ, यावर आम्ही जरा बोललो आणि काहीच निघालं नाही. तेव्हापासून त्या मला पूर्वीसारखं 'गिलेन' म्हणत नाहीत, 'मादाम' म्हणतात. हा मान आहे की दुरावा, तेही एकदा विचारायला हवं.

सप्टेंबरमध्ये लंबोत फुलदाणी न्यायला आले. मीच ती पेंढ्यात बांधली. ते म्हणाले, हवी तर ठेवा आणखी. मी नको म्हटलं. आमच्या गावात इतकी वर्षं सगळे तिच्याविषयी एकच गोष्ट सांगत होते, आणि ती गोष्ट खोटी निघाली. नामूरला निदान ती फुलं ठेवायच्या कामी येते.

पुस्तक नोव्हेंबरात छापायला गेलं. १९२५च्या प्रकरणात पाटीवरचाच मजकूर मी जरा वाढवून घातला. ओक्ताव्हकाकांची तिकटी, लंबोतांचं कपाट, मामाची नाव, आशीलबाबूंची खिडकी, सगळं जसंच्या तसं, कुठलाही निष्कर्ष न काढता. तरी अर्धं पान रिकामं राहिलं. मुद्रकाचा फोन आला की इथं काही गळलंय का. मी म्हटलं, नाही, तेवढंच आहे, रिकामं राहू द्या.

त्याला रिकामं पान बघवेना. मला न विचारता त्याने तिथं कारखान्याच्या बँडपथकाचा १९११ सालचा एक फोटो घालून टाकला. पुस्तक घरोघर गेलं. तेव्हापासून रस्त्यात मला जो भेटतो तो त्या पानाबद्दलच विचारतो, की दुसऱ्या रांगेत तो मोठ्या मिशांचा ट्रॉम्बोनवाला कोण. दोघांनी तो आपला पणजोबा असल्याचं छातीठोकपणे सांगितलंय. दोघांचीही नावं मी वहीत लिहून घेतली आहेत.